आकाशक-संभरण, हौशी रेडिओतील

हौशी रेडिओ केंद्राच्या प्रेषकात निर्माण झालेली रेडिओ कंप्रतेची (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) ऊर्जा आकाशकापर्यंत (अँटेनापर्यंत) कमीत कमी हानीने पोहोचविण्याच्या व्यवस्थेला आकाशक-संभरण म्हणतात. या व्यवस्थेत संभरण वाहिनी, समतोल व असमतोल मंडले एकमेकांस जोडणारा बॅलन आणि सामान्यतः ‘ट्यूनर’ या नावाने ओळखले जाणारे जुळणी-मंडल यांचा समावेश होतो. कायम स्वरूपाच्या केंद्रात उंच मनोरे, जाड केबल व शेकडो वॉट शक्ती उपलब्ध असल्याने संभरणातील दोष पुष्कळदा झाकले जातात. याउलट पाठीवर वाहून नेता येईल अशा सुवाह्य केंद्रात प्रेषकाची शक्ती ५ ते २० वॉट, आकाशक म्हणजे झाडाच्या फांदीला किंवा तंतुकाचेच्या काठीला बांधलेली एक तार आणि ऊर्जेचा साठा म्हणजे एक लहान विद्युत् घटमाला, अशी स्थिती असते. तेथे वाहिनीत किंवा ट्यूनरमध्ये उष्णतेच्या रूपाने गेलेला प्रत्येक वॉट संदेश पोहोचणे वा न पोहोचणे यांतील अंतर ठरवू शकतो.

अशा केंद्रांचे महत्त्व केवळ छंदापुरते नाही. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये कच्छ भागात झालेल्या भूकंपानंतर नेहमीची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली असताना हौशी रेडिओ चालकांनी संदेशवहनास मदत केली. डिसेंबर २००४ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेचा एक गट भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमान बेटांवरून प्रेषण करण्यासाठी पोर्ट ब्लेअर येथे गेलेला होता. २६ डिसेंबर रोजी त्सुनामी आली आणि छंद म्हणून नेलेली तीच उपकरणे बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क राखण्याच्या कामी आली. शांततेच्या काळातही डोंगरमाथ्यावरून प्रेषण करण्याचा उपक्रम अनेक देशांत चालतो. यांपैकी ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. भारतात हौशी केंद्र चालविण्यास केंद्र शासनाचा परवाना लागतो.

आकाशकाचा संरोध : सर्वांत साधा तारी आकाशक म्हणजे मध्यावर तोडलेला अर्ध्या तरंगलांबीचा द्विध्रुव होय. त्याची मीटरमधील एकूण लांबी १४३ या संख्येस मेगॅहर्ट्झमधील कंप्रतेने भागून मिळते. उदा., ७.१ मेगॅहर्ट्झसाठी ही लांबी सु. २०.१ मी. म्हणजे प्रत्येक बाजूस सु. १० मी. भरते. या कंप्रतेस तारेत अनुस्पंदन होते व मध्यबिंदूपाशी तिचा संरोध (प्रत्यावर्ती म्हणजे उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या प्रवाहाला मंडलाकडून होणारा एकूण विरोध) मोकळ्या अवकाशात सु. ७३ ओहम असतो. जमिनीपासूनची उंची व जमिनीचे स्वरूप यांनुसार प्रत्यक्षात तो सु. ४० ते ९० ओहम यांदरम्यान आढळतो. आधुनिक प्रेषक ५० ओहम भारासाठी बनविलेले असल्याने एवढा फरक चालून जातो.

अडचण येते ती हीच तार दुसऱ्या कंप्रतेस वापरताना. २१ मेगॅहर्ट्झला वरील तार सु. दीड तरंगलांबीची होते व मध्यावरील संरोध सु. १०० ओहम राहतो. परंतु १४ मेगॅहर्ट्झला ती जवळजवळ पूर्ण तरंगलांबीची होते आणि मध्यावरील संरोध काही हजार ओहमपर्यंत चढतो. तार तीच, जागा तीच. पण प्रेषकाच्या दृष्टीने हा सर्वस्वी निराळा भार असतो. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकापाशीही संरोध असाच जास्त, म्हणजे सु. २,००० ते ५,००० ओहम असतो. कारण टोकाशी प्रवाह अत्यल्प व विद्युत् दाब अत्यधिक असतो. याशिवाय अनुस्पंदन नसलेल्या तारेच्या संरोधात प्रतिक्रियारोधाचाही (धारकता किंवा प्रवर्तकता यांमुळे उद्भवणाऱ्या, ऊर्जा न खाता ती क्षणोक्षणी परत करणाऱ्या विरोधाचाही) अंश असतो. तारी आकाशकांच्या संभरणाचा सर्व प्रश्न या बदलत्या संरोधातून निर्माण होतो.

संभरण वाहिनी व तिच्यातील हानी : सुवाह्य केंद्रात दोन प्रकारच्या वाहिन्या वापरतात. समाक्ष केबलमध्ये मध्यवर्ती तार व तिच्याभोवती विणलेली तांब्याची जाळी असते. तिचा लाक्षणिक संरोध बहुधा ५० ओहम असतो. दुसऱ्या प्रकारात दोन समांतर तारा निरोधक पट्ट्यांनी ठराविक अंतरावर धरलेल्या असतात. तिला तिच्या आकारावरून शिडी-वाहिनी म्हणतात व तिचा लाक्षणिक संरोध ३०० ते ६०० ओहम असतो.

वाहिनीच्या टोकाचा भार तिच्या लाक्षणिक संरोधाइतका नसेल, तर ऊर्जेचा काही भाग परावर्तित होऊन मागे येतो. पुढे जाणारे व मागे येणारे तरंग मिळून वाहिनीवर अप्रगामी (जागच्या जागी राहणारे) तरंग तयार होतात. त्यांच्या महत्तम व लघुतम विद्युत् दाबांच्या गुणोत्तरास अप्रगामी तरंग गुणोत्तर म्हणतात. जुळणी पूर्ण असेल, तर हे गुणोत्तर १ असते. परावर्तित ऊर्जा प्रेषकात परत जाऊन जळून नष्ट होते, अशी समजूत हौशी चालकांत दीर्घकाळ रूढ आहे. ती बरोबर नाही. वाहिनीच्या सुरुवातीस ट्यूनर योग्य रीतीने लावलेला असल्यास परत आलेली ऊर्जा पुन्हा आकाशकाकडे पाठविली जाते. मात्र प्रत्येक फेरीत वाहिनी तिचा कर वसूल करते, आणि वाहिनी हानिकारक असेल तर हा कर जबर होतो.

वर उल्लेखिलेल्या २० मी. लांबीच्या द्विध्रुवाचे १४ मेगॅहर्ट्झवरील उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचा मध्यावरील संरोध ४,००० ओहम मानू. प्रथम तो आरजी-५८ या प्रकारच्या ३० मी. समाक्ष केबलने जोडला असे समजू. पूर्ण जुळणी असताना या केबलमधील हानी सु. १.६ डेसिबेल (३ डेसिबेल हानी म्हणजे शक्ती निम्मी होणे) असते. परंतु येथे आकाशकापाशी अप्रगामी तरंग गुणोत्तर सु. ८० होते व केबलमधील एकूण हानी सु. १२ डेसिबेलपर्यंत वाढते. म्हणजे केबलमध्ये शिरलेल्या १०० वॉटपैकी जेमतेम ६ वॉट तारेपर्यंत जातात. उरलेले ९४ वॉट केबल तापविण्यात खर्ची पडतात. आता हाच आकाशक ४५० ओहमच्या शिडी-वाहिनीने जोडला, तर गुणोत्तर सु. ९ राहते. या वाहिनीची मूळ हानी अवघी ०.१ डेसिबेलच्या आसपास असल्याने एकूण हानी सु. ०.४ डेसिबेल भरते व १०० पैकी सु. ९० वॉट तारेपर्यंत पोहोचतात. दोन्ही वेळी प्रेषक, तार व ट्यूनर तेच असून ट्यूनरवरील मापक दोन्ही वेळी जुळणी पूर्ण झाल्याचेच दर्शवितो.

मापक ही फसवणूक कशी करतो, हेही याच उदाहरणावरून दिसते. केबलच्या हानीमुळे परावर्तित तरंग प्रेषकापर्यंत येईतो क्षीण झालेला असतो. म्हणून आकाशकापाशी ८० असलेले गुणोत्तर प्रेषकाच्या बाजूस सु. ५ एवढेच दिसते आणि साधा ट्यूनर ते सहज १ वर आणतो. केबल जितकी वाईट, तितके मापकावरचे चित्र चांगले, असा हा उलटा व्यवहार आहे. नुसत्या मापकावर विसंबून आकाशकाची पारख करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. 

हलकेपणासाठी पुष्कळ चालक आरजी-१७४ ही बारीक केबल घेतात. तिचे वजन दर मीटरला सु. १२ ग्रॅम असून आरजी-५८ च्या ते सु. एक-तृतीयांश असते. परंतु १४ मेगॅहर्ट्झला तिच्या १० मी. लांबीत पूर्ण जुळणी असतानाही सु. एक-चतुर्थांश शक्ती नाहीशी होते. जुळलेल्या आकाशकासाठी ५ ते ८ मी. लांबीपर्यंत ती चालू शकते. न जुळलेल्या आकाशकासाठी ती वापरू नये. शिडी-वाहिनीलाही तिच्या अडचणी आहेत. ती धातूच्या वस्तूंपासून काही सेंटिमीटर दूर ठेवावी लागते, जमिनीवर गुंडाळून टाकता येत नाही आणि तारांमध्ये प्लॅस्टिकची सलग पट्टी असलेला प्रकार पावसाने भिजला म्हणजे त्याची हानी वाढते. नुसत्या दोन तारा व मधूनमधून निरोधक काड्या अशी घरी बनविलेली वाहिनी या बाबतीत अधिक चांगली.

बॅलन : समतोल व असमतोल या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले आहे, फुग्याच्या इंग्रजी नावाशी त्याचा संबंध नाही. द्विध्रुवाच्या दोन्ही बाजू जमिनीच्या संदर्भात सारख्या असतात, म्हणून तो समतोल आकाशक होय. समाक्ष केबलची मध्यवर्ती तार व जाळी मात्र सारख्या नसतात, म्हणून ती वाहिनी असमतोल होय.

वरवर पाहता केबलमध्ये दोनच संवाहक असतात, परंतु रेडिओ कंप्रतेस ते तीन होतात. त्वचा परिणामामुळे उच्च कंप्रतेचा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. तांब्यात ७ मेगॅहर्ट्झला या थराची जाडी सु. ०.०२५ मिमी. असते. परिणामी जाळीच्या आतील पृष्ठावरचा प्रवाह व बाहेरील पृष्ठावरचा प्रवाह एकमेकांपासून जणू अलग राहतात. केबलच्या टोकाशी मात्र हे दोन्ही पृष्ठ एकत्र येतात. तेथे आतून आलेल्या प्रवाहापुढे दोन वाटा असतात : एक द्विध्रुवाच्या तारेत जाण्याची व दुसरी जाळीच्या बाहेरील पृष्ठावरून परत प्रेषकाकडे उतरण्याची. या दुसऱ्या वाटेने गेलेल्या प्रवाहाला सामाईक प्रवाह म्हणतात. त्याच्यामुळे केबल स्वतःच आकाशकाचा भाग बनते. प्रारणाची दिशा बदलते, ध्वनिग्राहकाच्या धातूला ओठ लागल्यास चटका बसतो, प्रेषकातील इलेक्ट्रॉनीय मंडले बिघडल्यासारखी वागतात आणि ग्रहण करताना जवळच्या विद्युत् उपकरणांचा गोंगाट केबलच्या बाहेरून ग्राहीत शिरतो.

हा प्रवाह किती वाहील, ते बाहेरच्या पृष्ठावरील वाटेचा संरोध किती यावर अवलंबून असते, व तो संरोध केबलची लांबी, तिची मांडणी आणि प्रेषकाचा भूसंपर्क यांनुसार बदलतो. काही लांबींना तो आपोआपच जास्त असल्याने बॅलनविना चालविलेले केंद्रही बिनतक्रार चालते. पुढच्या डोंगरावर केबल दोन मीटर अधिक सोडली की तेच केंद्र त्रास देऊ लागते. बॅलन हवा की नको, यासंबंधी अनुभवी चालकांच्या मतांत जी टोकाची भिन्नता आढळते, तिचे कारण बहुधा हेच असावे.

बॅलनचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रवाह-बॅलन दोन्ही बाजूंतील प्रवाह समान राहण्यास भाग पाडतो. त्याचे मूळ तत्त्व स्वित्झर्लंडमधील गुस्टाव ग्वानेला यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. दाब-बॅलन दोन्ही बाजूंचे विद्युत् दाब समान राखतो. या पद्धतीची रुंद पट्ट्याची रोहित्रे बेल प्रयोगशाळेतील क्लाइड रुथ्रॉफ यांनी १९५९ मध्ये वर्णिली. आकाशकाच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील, तर या दोहोंत व्यवहारतः फरक पडत नाही. परंतु रानात बांधलेल्या तारेची एक बाजू झाडात शिरलेली, तर दुसरी खडकावर झुकलेली असते. अशा वेळी दाब समान ठेवल्याने प्रवाह समान होत नाहीत व दाब-बॅलनचा हेतू फसतो. सुवाह्य कामासाठी प्रवाह-बॅलनच निवडणे इष्ट होय.

१:१ गुणोत्तराचा प्रवाह-बॅलन म्हणजे वस्तुतः केबलच्या बाहेरील वाटेवर घातलेला अडसर (चोक) असतो. फेराइटच्या सु. ६ सेंमी. व्यासाच्या कड्यावर बारीक समाक्ष केबलचे १० ते १२ वेढे दिले की बाहेरील प्रवाहाला एक हजार ओहमहून अधिक विरोध होतो, आतील प्रवाहाला मात्र गाभ्याचे अस्तित्वही जाणवत नाही, कारण त्याचे जाणारे व येणारे भाग एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र रद्द करतात. अमेरिकेतील वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९८३ मध्ये वेढ्यांऐवजी केबलवर ५० फेराइट मणी ओवण्याची रीत मांडली.  केबलचीच मोठी गुंडाळी करून गाभ्याविना अडसर बनविता येतो. परंतु तो एका अरुंद कंप्रता पट्ट्यातच परिणामकारक असतो व केबलही बरीच खर्ची पडते.

संरोध बदलणारे बॅलनही असतात. त्यांतील वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके संरोधांचे गुणोत्तर मिळते. म्हणजे २:१ वेढ्यांनी ४:१ बॅलन तयार होतो. मध्याऐवजी सु. एक-तृतीयांश अंतरावर जोडलेल्या द्विध्रुवाचा संरोध २०० ते ३०० ओहम असल्याने त्यास ४:१ बॅलन योग्य ठरतो. दोन्ही बाजू असमतोल असलेल्या रोहित्रास हौशी परिभाषेत ‘अनअन’ म्हणतात. टोकाकडून जोडलेल्या तारांसाठी त्याचा वापर होतो.

ट्यूनर : हे नाव दिशाभूल करणारे आहे. प्रेषकाशेजारी ठेवलेला ट्यूनर आकाशकाला अनुस्पंदित करीत नाही. वाहिनीच्या या टोकाशी दिसणाऱ्या संरोधाचे तो ५० ओहममध्ये रूपांतर करतो, इतकेच. पूर्वीच्या नलिकायुक्त प्रेषकांच्या अंत्य टप्प्यात समायोजनक्षम जुळणी-मंडल अंगभूतच असे, त्यामुळे त्यांना पुष्कळ निरनिराळे भार सोसत. ट्रँझिस्टरयुक्त प्रेषकांचा अंत्य टप्पा ठराविक भारासाठी बनविलेला असतो व गुणोत्तर सु. २ च्या वर गेले की संरक्षक मंडल शक्ती कमी करते. ट्यूनर हे वेगळे उपकरण म्हणून सर्रास वापरात येण्याचे हे एक कारण आहे.

सर्वांत साधे मंडल म्हणजे एक वेटोळे व एक धारित्र यांचे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे मंडल. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाचा २,४५० ओहम संरोध ५० ओहमशी ७.१ मेगॅहर्ट्झला जुळवावयाचा असल्यास प्रेषकाच्या बाजूने एकसरीत सु. ७.८ मायक्रोहेन्रीचे वेटोळे व तारेच्या बाजूस अनेकसरीत सु. ६३ पिकोफॅराडचे धारित्र लागते. वेटोळ्याचा गुणांक २०० असला, तर या जुळणीत सु. साडेतीन टक्के शक्तीच वाया जाते. हे मंडल खिशात मावते आणि तारेच्या टोकाशीच जोडता येते, ही त्याची मोठी सोय होय.

बाजारात मिळणाऱ्या हस्तचलित ट्यूनरांत बहुधा दोन धारित्रे व मध्ये जमिनीकडे जाणारे वेटोळे असे टी आकाराचे मंडल असते. ते जवळजवळ कोणताही भार जुळवू शकते, पण एकाच भारासाठी अनेक मांडण्यांत जुळणी सापडते व त्यांतील काही मांडण्या बरीच ऊर्जा खातात. वेटोळ्याची प्रवर्तकता शक्य तितकी कमी व धारित्रांची धारकता शक्य तितकी जास्त ठेवून मिळालेली जुळणी सामान्यतः सर्वांत कमी हानीची असते. अल्प रोध व मोठा धारकीय प्रतिक्रियारोध असलेला भार (उदा., तरंगलांबीच्या मानाने फार आखूड तार) अशा ट्यूनरला सर्वांत जड जातो, वेटोळे तापते, तरी मापकावर गुणोत्तर १ च दिसते. स्वयंचलित ट्यूनर अभिचालित्रांच्या (रिलेंच्या) साहाय्याने वेटोळी व धारित्रे काही सेकंदांत निवडतो. तो आकाशकाच्या संभरण बिंदूशी ठेवला, तर केबलवरील अप्रगामी तरंगांचा प्रश्नच संपतो. ट्यूनरची ही सर्वोत्तम जागा होय, जरी डोंगरावर तीच सर्वांत गैरसोयीची असते.

शिडी-वाहिनी व असमतोल ट्यूनर यांच्यामध्ये बॅलन लागतोच. अनेक ट्यूनरांत ४:१ दाब-बॅलन अंगभूत बसविलेला असतो. वाहिनीच्या या टोकाशी संरोध कधी काही हजार, तर कधी पंधरा-वीस ओहमही असू शकतो. दुसऱ्या स्थितीत ४:१ बॅलन तो आणखी चौपटीने खाली आणतो व ट्यूनरचे काम अवघड करतो. म्हणून येथे १:१ प्रवाह-बॅलन अधिक भरवशाचा. वाहिनीची लांबी मीटर-दोन मीटरने बदलून अडचणीचा संरोध टाळता येतो. हा उपाय फुकटचा असूनही फारसा केला जात नाही.

प्रचलित रचना : टोकाकडून जोडलेल्या अर्धतरंग तारेचा उगम हवाई जहाजांशी निगडित आहे. झेपेलिन जातीच्या विमानातून खाली सोडलेल्या तारेसाठी हान्स बेगेरोव्ह यांनी १९०९ मध्ये अशा आकाशकाचे एकस्व (पेटंट) घेतले. सध्याच्या सुवाह्य रूपात टोकाशी ४९:१ रोहित्र (फेराइट कड्यावर २ व १४ वेढे) असते, जे २,४५० ओहमचे ५० ओहम करते. ७ मेगॅहर्ट्झसाठी कापलेली तार १४, २१ व २८ मेगॅहर्ट्झलाही अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत बसत असल्याने या चारही पट्ट्यांत ट्यूनरविना चालते. एक टोक झाडावर व दुसरे हाताशी, अशी मांडणी असल्यामुळे डोंगरावर ती विशेष लोकप्रिय झाली आहे. या सोयीची किंमत म्हणजे चांगल्या बनावटीच्या रोहित्रातही १० ते २० टक्के शक्ती गाभ्यात जाते. लहान कड्यावर मोठी शक्ती लावली, तर गाभा तापून त्याचे चुंबकीय गुणधर्म तात्पुरते नाहीसे होतात व जुळणी बोलता बोलता बिघडते. तसेच टोकाला अल्प का होईना, परतीचा प्रवाह लागतोच. त्यासाठी वेगळी प्रतितोल तार दिली नाही, तर केबलची जाळी ते काम करते. म्हणून अडसर रोहित्राला चिकटून न बसविता केबलवर त्यापासून तरंगलांबीच्या सु. एक-विसांश अंतरावर (७ मेगॅहर्ट्झला सु. २ मी.) बसवितात.

यादृच्छिक लांबीची तार ९:१ अनअन व ट्यूनर यांच्या जोडीने वापरतात. ‘यादृच्छिक’ या शब्दाचा अर्थ येथे शब्दशः घेऊ नये. लांबी कोणत्याही वापरावयाच्या कंप्रतेस अर्ध्या तरंगलांबीच्या पटीजवळ येता कामा नये, अन्यथा टोकाचा संरोध हजारोंत जाऊन अनअन निरुपयोगी होतो. ७, १४, २१ व २८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यांसाठी सु. १७.७ मी. ही लांबी चालते. तिला ५ ते १० मी. लांबीची प्रतितोल तार जमिनीवर अंथरणे आवश्यक असते. सह्याद्रीच्या माथ्यावरील काळ्या बेसाल्ट खडकात भूसंपर्काची सळई ठोकणे बहुधा अशक्य व विद्युत् दृष्ट्याही निष्फळ असल्याने तेथे अंथरलेली तारच कामास येते.

ब्रिटनमधील लुई वार्नी यांनी १९४६ मध्ये तयार केलेला व त्यांच्या हाक-संकेतावरून जी५आरव्ही या नावाने प्रसिद्ध पावलेला आकाशक दोन्ही वाहिन्यांची सांगड घालतो. त्यात ३१.१ मी. लांबीची तार, मध्यापासून सु. १०.४ मी. शिडी-वाहिनी व तेथून पुढे समाक्ष केबल असते. १४ मेगॅहर्ट्झला तो चांगला जुळतो. इतर पट्ट्यांत केबलवर मोठे अप्रगामी तरंग राहतात, त्यामुळे केबल आखूड ठेवावी. अनेक पट्ट्यांत काम करावयाचे व वजन वाहण्याची तयारी असल्यास शिडी-वाहिनी थेट ट्यूनरपर्यंत आणलेला साधा द्विध्रुव याहून सरस ठरतो. एकाच पट्ट्यात काम असेल, तर नेमका कापलेला द्विध्रुव, आखूड केबल व १:१ अडसर एवढेच पुरे. ट्यूनर घरी ठेवावा.

आपत्तीच्या प्रसंगी बहुधा हीच शेवटची रचना वापरावी. ५ ते ८ मी. उंचीवर आडवा बांधलेला ७ मेगॅहर्ट्झचा द्विध्रुव दिवसा बरीच ऊर्जा जवळजवळ सरळ वर फेकतो व ती आयनांबरावरून परावर्तित होऊन सु. ३०० ते ४०० किमी. परिसरात सर्वत्र उतरते [⟶ आयनांबर]. अति-उच्च कंप्रतेचे सरळ रेषेत जाणारे तरंग जेथे डोंगररांगांनी अडतात, तेथे खोल दरीतील गावही या रीतीने संपर्कात राहू शकते. तार उंच बांधण्याचा खटाटोप अशा वेळी करावा लागत नाही, हा आणखी एक लाभ.

परीक्षण व दक्षता : संभरण ठीक आहे की नाही, हे पाहण्याच्या काही सोप्या रीती आहेत. केबल हातात धरून हात पुढेमागे सरकविल्यास मापकाचा काटा हलत असेल, तर सामाईक प्रवाह वाहत आहे असे समजावे. एखादा मिनिट प्रेषण करून यंत्र बंद केल्यावर बॅलन, रोहित्र व वेटोळे यांना स्पर्श करून पाहावा. तापलेला भाग हानीची जागा दाखवितो. आकाशक-विश्लेषकाने संरोध मोजताना तो केबलच्या वरच्या टोकाशी मोजावा. खालच्या टोकाशी मोजल्यास केबलची हानी चित्र सुधारून दाखविते. खरा निवाडा मात्र दूरच्या ग्राहीचाच. अमेरिकन खगोलभौतिकीविज्ञ जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये उपलब्ध केलेल्या डब्ल्यूएसपीआर या अल्पशक्ती प्रेषण पद्धतीने दोन आकाशक आलटून पालटून चालवून जगभरच्या केंद्रांवर त्यांचे संकेत किती तीव्रतेने पोहोचतात, याची तुलना करता येते.

१०० वॉट शक्तीला २,५०० ओहमच्या टोकाशी ५०० व्होल्टचा परिणामी दाब असतो व त्याचे शिखरमूल्य ७०० व्होल्टच्या वर जाते. १० वॉटलाही तो सु. १६० व्होल्ट भरतो. त्याचा स्पर्श झाल्यास त्वचा खोलवर भाजते. म्हणून टोकाकडून जोडलेल्या तारेचे खालचे टोक, रोहित्र व शिडी-वाहिनी ही माणसांच्या व गुराढोरांच्या वावरापासून दूर ठेवावीत. तार फेकताना ती विजेच्या वाहक तारांवर पडणार नाही एवढे अंतर राखणे अत्यावश्यक आहे. वादळी हवेत गडगडाट ऐकू येताच प्रेषण थांबवून केबल यंत्रापासून सोडवावी व माथ्यावरून खाली उतरावे.